लुंडेब्रो स्टेशनचा कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. रेल्वेचा. माझ्या पोटात वात एकच, पण वरची कडी फिरवली की कधी लाल उजेड पडतो, कधी हिरवा. सध्या, म्हणजे १९९० साली, मी कतारच्या दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागात, शैलजाबाईंच्या घरी राहतो. जन्म मात्र माझा दूर डेन्मार्कमधला.

तिथे लुंडेब्रो नावाचं एक चिमुकलं गाव आहे. आधी तिथे नुसतं माळरान होतं आणि मेंढ्या. मग रूळ आले. रुळांमागून स्टेशन आलं, स्टेशनसमोर खाणावळ उभी राहिली, मग लोहार, बेकरी आणि लोण्याची डेअरी. रेल्वेनेच वसवलेलं गाव ते! माणसं मोजकंच बोलणारी. पण कुणाचा मुलगा शहरात शिकायला निघाला, की सगळे फलाटावर हजर. बेकरीवाली खिडकीतून गरम पाव आत द्यायची आणि डोळे पुसत घाईने परत फिरायची.

आन्देर्स हे तिथले स्टेशनमास्तर, माझे मालक. रोज संध्याकाळी ते माझी काच मऊ फडक्याने पुसत. पुढे घरोघरी मोटारी आल्या, डबे रिकामे धावू लागले, आणि १९७१ साली गाड्या बंद झाल्या. शेवटच्या गाडीला हिरवा कंदील आन्देर्सनाच दाखवावा लागला. त्यानंतर त्यांनी मला पेटवलं नाही. स्टेशनच्या रस्त्याला ते फिरकेनासे झाले. बोलणंही हळूहळू आटलं.

त्यांची मुलगी किर्स्टन दोह्यात नर्स होती. वडिलांची काळजी वाटून तिने १९७८च्या हिवाळ्यात त्यांना आपल्याकडे आणलं. त्यांनी सामानात मलाही घेतलं. शेजारी शैलजाबाई राहत. त्या मनमाडच्या, रेल्वेतल्या गार्डाची मुलगी. त्यांची सात वर्षांची नीता दोह्यातच जन्मलेली. तिने आगगाडी कधी पाहिलीच नव्हती.

"आई, ते आजोबा नेव्हर टॉक," नीता एकदा म्हणाली.

"मग तू बोल की त्यांच्याशी!" शैलजाबाई म्हणाल्या.

आन्देर्स मला जवळ ठेवून गच्चीवर बसले होते. नीता तिथे गेली आणि माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, हे काय आहे? आन्देर्सनी मला उचलून जवळ घेतलं. मग त्यांनी एक रिकामा डबा पालथा घातला. हे स्टेशन. खुबूस रोट्यांचा पुडा ठेवला. ही बेकरी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, थांबत थांबत, ते सांगत गेले. रोज दुपारी गच्चीवर लुंडेब्रो थोडं थोडं वाढू लागलं. कधी शैलजाबाई चहा घेऊन येत आणि मनमाडच्या गोष्टी सांगत.

एका संध्याकाळी नीता म्हणाली, "आता मीच ट्रेन! कंदील लावा ना, आजोबा!"

शैलजाबाईंनी रॉकेल आणलं. आन्देर्सनी मला पेटवलं. नीता शिटी मारत स्टेशनच्या डब्यापाशी आली. त्यांनी लाल उजेड दाखवला. ती थांबली. ते काही कडी फिरवेनात. नीताचे पाय दुखू लागले. "यल्ला, चला ना आजोबा!" ती म्हणाली. तरी लालच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती शेवटची गाडी त्यांना जाऊच द्यायची नव्हती.

शैलजाबाईंना सगळं उमगलं. जवळ बसून त्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या, "काका, गाडी अडवून कसं चालेल? पुढच्या स्टेशनवर माणसं वाट बघत असतील."

आन्देर्सनी एक लांब श्वास घेतला आणि कडी फिरवली. हिरवा उजेड पडला. नीता धावत सुटली, गच्चीला फेरी मारून परत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. ते हसले. मित्रांनो, इतक्या वर्षांत ते हसू मी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्याआधी ते गावी परतले. जाताना मला नीताच्या हाती दिलं. लुंडेब्रोच्या बंद स्टेशनात आता मुलांचं वाचनालय आहे. शेवटपर्यंत आन्देर्स रोज तिथे जात आणि मुलांना गावाची गोष्ट सांगत, असं किर्स्टन सांगते. गेल्या वर्षी ते गेले. नीता आता पुण्याला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली की माझ्या काचेवरची वाळू पुसते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण घरात एखादं म्हातारं माणूस गप्प बसलेलं दिसलं, तर आधी त्याच्याजवळ जा. "तुमच्या गावात उतरलं की पहिल्यांदा काय दिसायचं?" एवढंच विचारा. आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठू नका.