देवरावच्या ट्रॅक्टरची बाधा

बोरटोल्याच्या खळ्यावर धान तसाच पडला होता आणि सारं गाव ट्रॅक्टरच्या दर्शनाला लोटलं होतं. हो, दर्शनालाच! देवरावनं तिसऱ्या मालकाकडून घेतलेलं ते जुनं धूड धान चुरायला, म्हणजे मळायला लावलं की अर्धा तास नीट चाले. मग इंजिन आपोआप चढे, उतरे, पुन्हा चढे, आणि शेवटी आचके देऊन बंद पडे. ‘अंगात आलेली बाई घुमते तसा घुमून राह्यला जी!’ म्हणत म्हाताऱ्यांनी हात जोडले.

त्याच दिवशी पत्रू भाऊबीजेला बहिणीकडे आला. मूल गावच्या राइस मिलमध्ये तो इंजिनाचा मिस्त्री. काखेत धुरपतासाठी लुगडं होतं. धुरपता मात्र तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसलेली. त्यानं पदर ओढला. समोरचा दात नव्हता, ओठ सुजून काळा पडला होता.

“कोनं केलं?”

“मुखरू महाराजानं. दगडानं. मी ट्रॅक्टरवर करनी केली म्हनते. दात पाडले का मंतर फुटत नाई म्हनते तोंडातून. गावच्या लोकायनं हात धरले माहे. आज दुसरा पाडनार हायेत.”

नवरा मेलेली बाई, वर गेल्या साली शेताच्या धुऱ्यावरून देवरावशी भांडलेली. चेटकीण ठरायला आणखी काय लागतं?

पत्रू कुऱ्हाड घेऊनच निघाला. पण खळ्यावर पोचला, इंजिनाचा आवाज कानी पडला आणि त्याचा हात थांबला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

मुखरू महाराज बोनेटवर चढून गर्जत होते, “पाहा रे पाहा! काल दात पडला तवा चालला का नाई? आता हे तीर्थ!” तीर्थ शिंपडायला त्यांनी डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! “आयका! गेली रांड!” इंजिन पुन्हा सरळ चालू झालं. लोक लोटांगणात.

“महाराज,” पत्रू म्हणाला, “अर्ध्या तासानं ते भूत परत येईन. तवा झाकनाले हात न लावता काढा. निघालं तं माहे बत्तीसच्या बत्तीस दात पाडा.”

गावाला तमाशा हवाच होता. अर्ध्या तासानं ट्रॅक्टर घुमू लागला. महाराजांनी लिंबू कापला, कोंबडीची मान मुरगळली, ‘ह्रीं फट्’ करून घसा फोडला. ट्रॅक्टर ढिम्म बंद पडला. महाराजांचा हात हळूच झाकणाकडे सरकला, तसं पत्रूनं मनगट धरलं.

“काऊन जी? भूत झाकनात राह्यते का?”

त्यानं झाकण काढून उलटं केलं. बारीक भोकात शेंदूर वाळून घट्ट बसला होता. “या भोकातून टाकीत हवा जाते. भोक बुजलं तं डिझेल खाली उतरत नाई. घोट भेटला का इंजिन पळते, नाई भेटला का धापते. झाकन उघडलं का हवा आत शिरते, तेच तुमचं फुस्स!” बाभळीच्या काट्यानं त्यानं भोक टोचलं. दिवस बुडेपर्यंत ट्रॅक्टर एकदाही घुमला नाही. महाराज मेलेली कोंबडी काखेत मारून कधीच पळाले होते.

देवरावची बायको केसरबाई चाचरत म्हणाली, “दसऱ्याले पूजा करतानी मीनंच लावला शेंदूर…” आणि मग डोळे बारीक करून, “पन नेमकं तिथंच लावाची बुद्धी मले कोनं देली?”

हाय रे कर्मा! साऱ्या माना पुन्हा धुरपताकडे वळल्या. ती भावामागून येऊन तिथंच उभी होती. तिनं पदर काढला, सुजलं तोंड सगळ्यांना दाखवलं.

“मीनंच देली म्हना! माह्या मंतरानं लोखंड घुमते, केसरबाईचा हात हालते. मंग दगड घेऊन आला त्याचा हात मले थांबवता नाई आला काऊन? तुमी चार जनं मले दाबून बसले, तुमचे हात काऊन नाई झडले? एवढा तरी इचार करा रे!”

हात धरणारे चौघं खाली पाहू लागले. महाराजांनी तिचा दात लाल फडक्यात बांधून स्टिअरिंगला लटकवला होता. तिनं तो सोडला, पदराच्या गाठीत बांधला आणि पत्रूला म्हणाली, “चाल घरी. तुले ओवाळाचं राह्यलं.”