अडवलेला माल

नीट शिजलेल्या रबरावर अंगठ्याचं नख दाबलं, की चंद्रकोरीसारखी खूण उमटते आणि नख उचललं की ती भरून येते. आधी टोकं पुसली जातात, मग मधला भाग. जगदेवीच्या हातातल्या, स्कूटरला लागणाऱ्या बुशवरची खूणही भरून आली, पण तिच्या कडेनं केसाएवढी रेघ मागं राहिली. तिनं तो बुश खिडकीजवळ नेला, भिंगाखाली धरला. रेघ होतीच. मग तिनं खोक्यातून दुसरा काढला, नंतर दुसऱ्या खोक्यातला एक, आणि शेवटी यंत्रावर लावून एक बुश ताणला. तो बरोबर त्या रेघेवर फाटला.

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘मन्मथ रबर वर्क्स’मध्ये ती माल तपासायची. जिल्हा नवा, वसाहत नवी, कारखाना लहान. रबर मळायची दोन रुळांची एक गिरणी, ते साच्यात दाबून शिजवायचे थोडे प्रेस, आणि कडेचं फाजील रबर छाटायला रांगेनं बसलेल्या बाया. औरंगाबादच्या स्कूटर कंपनीला इथून बुश जात. इंजिनाची थरथर गाडीवर बसणाऱ्याला लागू नये, एवढंच त्या बुशचं काम.

रेघ कुठून आली हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. गिरणीचे रूळ आतून पाणी खेळवून गार ठेवावे लागतात. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले, टँकर आला तर आला. टाकीतलं तेच ते पाणी फिरून फिरून कोमट झालं होतं. रूळ तापले आणि रबर साच्यात जायच्या आधीच करपलं. करपलेलं रबर साच्यात एकजीव होत नाही. दिसतं गुळगुळीत, पण धक्के खाऊन खाऊन शेवटी फाटतंच.

तिनं सगळ्या खोक्यांवर खडूनं फुल्या मारल्या.

कारखान्याचे मालक मडिवाळप्पा आले, ते फुल्या बघूनच थांबले. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा. वीसेक वर्षं डाळमिल चालवून ते रबराकडे वळले होते.

“हे काय गं जगदेवी? परवा ट्रक लागणार.”

“करपलाय, आप्पा. पाठवता येणार नाही.”

“दिसत तर न्हाई करपलेला.”

“दिसत नाही, म्हणूनच अडवला.”

मडिवाळप्पांनी एक बुश उचलला आणि तुरीचा दाणा पारखावा तसा दाढेखाली धरून चावला. “मला तर बरा लागला,” ते म्हणाले. जगदेवी हसली नाही. तेव्हा त्यांनी बुश खोक्यात टाकला. “उद्याची येळवस होऊ दे. मग बघू.”

या ‘मग बघू’ची तिला धास्ती होती. दिवाळीच्या तोंडावरही तिनं असाच माल अडवला होता, आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊन बघते तर खोकी गेलेली. त्यावर मालकही बोलले नाहीत, तीही बोलली नाही. पण तेव्हापासून तिचं मन त्या कारखान्यात पूर्वीसारखं रमेना.

नेमकं त्याच सुमाराला पुण्याच्या एका कंपनीच्या, सगळे ज्याला ‘पुणेकरांचा’ म्हणत त्या, कारखान्यातून तिला बोलावणं आलं. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मोठी शेड होती, मालही हाच. पुण्याहून आलेल्या मॅनेजर शिरोळे साहेबांनी तिला स्वतः हिंडवून सगळं दाखवलं होतं. प्रयोगशाळा तिच्या ताब्यात, हाताखाली दोन माणसं, नवं ताणयंत्र. यायचं का? “सांगते,” ती म्हणाली होती. तेव्हापासून घरी, दारी, कारखान्यात ज्यानं विचारलं त्याला तिचं एकच उत्तर होतं: सांगते.

उत्तर टाळत होती असं नाही. ती तोलत होती. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी, एका बाजूला झुकून मोजायची तिला सवय नव्हती. पुणेकरांकडे कामगारांना बस होती, जेवण होतं, पहिल्या दिवसापासून फंड कापला जाई. पण यंत्रांवर एकही बाई नव्हती; बायकांचा संडास कुठंय असं तिनं विचारल्यावर तिघंजण किल्ली शोधत फिरले होते. औरंगाबादजवळ वाळूजच्या कारखान्यांत पगार चढा, वर्षभरात कायम केल्याचं पत्र हातात. मन्मथ रबरमध्ये कायम व्हायचं तर मालकांची लहर लागायची. मात्र इतर ठिकाणी ‘लग्न झाल्यावर काय?’ असं विचारून तिला परत पाठवलं, तेव्हा मडिवाळप्पांनी एवढंच विचारलं होतं, “उद्यापासून येतीस का?” आणि दुष्काळ पडल्यावर टाकीची एक तोटी त्यांनी फाटकाशी काढली होती, संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाला घागर भरून नेता येई.

हे सगळं डोळ्यांनी बघून ताडता येत होतं. एक गोष्ट मात्र कुठल्याच कारखान्यात हिंडून कळत नव्हती, आणि तिला तीच हवी होती.

येळवशीच्या दिवशी लातूर ओस पडलं. मार्गशीर्षातल्या या अवसेला सगळं गाव रानात जेवायला जातं. दुकानाची एक फळी उघडी राहत नाही. मुरुडच्या रस्त्याला जगदेवीच्या वडिलांचं रान होतं. कडब्याच्या कोपीत, त्या तात्पुरत्या झोपडीत, चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडी पांडवांची पूजा झाली, ताकातल्या आंबिलीचं मडकं निघालं, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि पालेभाज्या-दाण्यांची भज्जी पानात पडली. भज्जीतला हिरवा हरभरा यंदा बाजारातून विकत आणावा लागला होता, पण जगदेवीच्या आईनं, उमाबाईंनी, ताटांत काही कमी पडू दिलं नव्हतं.

जेवायला मडिवाळप्पा होते. येळवशीला त्यांना बोलावणं कधी चुकलं नव्हतं. ज्यांना रान नाही अशी कारखान्यातली माणसंही बोलावली होती. गिरणीवरचा सटवाजी आला होता, छाटणीवरची विठाबाई आली होती. शेजारच्या रानातल्या किशनरावांचा मुलगा व्यंकट ताट घेऊन इकडंच येऊन बसला. तो पुणेकरांच्या कारखान्यात प्रेसवर होता आणि ते सांगितल्याशिवाय त्याचा घास उतरत नसे.

“आमच्या कँटीनला रोज भात असतो,” तो म्हणाला. “रोज!”

“असतो की,” विठाबाई म्हणाली. “पर वरणात डाळ असती का? मागं तूच म्हणलास, वरणात तोंड बघून भांग पाडता येतोय म्हणून.”

“बस हाय आम्हाला. थेट गंजगोलाईच्या बाजारापासून.”

“बशीत घालून नेत्यात म्हणून तर तुला पळून येता येत न्हाई. घागरभर पाणी मिळतंय का घरी न्यायला?”

“ते न्हाई,” व्यंकटनं कबूल केलं.

“आन् बायांला संडास?”

“बायाच न्हाईत, तर संडास कशाला पाहिजे?”

“ऐका! ही ह्यांची कंपनी!” विठाबाई हसली, आणि त्याच दमात मडिवाळप्पांकडे वळली. “आमचंबी काय सोन्याचं न्हाई म्हणा. हातमोजे मागून मागून बोटं काळी पडली.”

“आणले की गं मोजे,” मडिवाळप्पा उंडा मोडत म्हणाले.

“आणले. सगळे डाव्या हाताचे!”

कोपीत हशा पिकला. मडिवाळप्पाही हसले, सटवाजीला तर ठसका लागला. तेवढ्यात रस्त्यावरून माणसं बघून वळलेली एक जीप बांधावर येऊन थांबली आणि तीतून शिरोळे साहेब उतरले. चेहरा उतरलेला, बुटांवर धुरळा.

“व्यंकट! अरे, गावात झालंय काय? कर्फ्यू लागलाय का? सकाळपासून फाटकावर मी आणि वॉचमन, दोघंच.”

“साहेब, रजेचा अर्ज दिलता की.”

“अर्जात नुसतं ‘येळवस’ लिहिलं होतंस. मला वाटलं, कुणीतरी आजारी आहे तुझ्याकडं!”

आता मात्र सगळे पोट धरून हसायला लागले. उमाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करत घोंगडं झटकलं. “साहेब, बसा आधी. आज रानात आलेला माणूस उपाशी जात नसतो.” साहेब बसले, ते मडिवाळप्पांच्या शेजारीच, जागा तेवढीच होती. आंबिलीच्या पहिल्या घोटाला त्यांनी डोळे मिटले. दुसरा वाडगा त्यांनी मागून घेतला.

“पुढच्या वर्षी सुट्टी,” ते व्यंकटला म्हणाले. मग जगदेवीकडे बघून, “मिस बिराजदार, तुमचं उत्तर अजून आलं नाही.”

मडिवाळप्पांचा हात भज्जीवर तसाच राहिला.

“सांग...” जगदेवीच्या तोंडून सवयीनं निघालं. पण तिनं तो शब्द अर्ध्यावर सोडला. कारखान्यांत हिंडून न मिळालेलं उत्तर देणारे दोघं एकाच घोंगड्यावर बसलेले पुन्हा कधी सापडणार होते?

“दोघंही इथंच आहात, तर एक विचारते,” ती म्हणाली. “समजा, मी माल अडवलाय. ट्रक दारात उभा आहे. माल जाणार की नाही, हे कोण ठरवणार?”

शिरोळे साहेबांनी वाडगा खाली ठेवला. “तुमचा अहवाल मी पुण्याला कळवणार. निर्णय तिथं होतो.” जरा थांबून म्हणाले, “तुमच्या घरचं जेवतोय, खोटं बोलत नाही. बहुतेक वेळा माल जातो.”

“आप्पा, तुम्ही?”

मडिवाळप्पांनी ताट पुढं सारलं. “ट्रक उद्या येणार. माल न्हाई गेला तर ऑर्डर जाईल, ऑर्डर गेली की प्रेस बंद. या दुष्काळात ह्या बायांला मी काय सांगू? तू रबर बगतीस, जगदेवी. मला माणसं बगावी लागतात.”

इतके दिवस तिची जीभ अडखळत होती ती इथंच. आपल्या खडूच्या फुलीनं विठाबाईची चूल विझली तर?

“आप्पा,” विठाबाई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “आमच्या नावानं नगा सांगू. आम्हाला इचारलंव का कधी? दिवाळीचा माल ह्या हातानं भरून दिला मी. पोरीनं मारलेली फुली पुसून भरला. माझा लेक असल्याच गाडीवर नांदेडला जातो-येतो. तवापासून त्यो गाडी काढायला लागला की मी हातातलं काम टाकून दारात उभी राहती. बंद राहू द्या काम चार दिवस. रोजगार हमीवर खडी फोडून खाऊ.”

विठाबाईच पुन्हा म्हणाली, “आन् बंद कामून पडतंय पर? ही पोर कवापासून सांगायली, गिरणी पहाटं चालवा म्हणून.”

“पहाटेच का?” शिरोळे साहेबांनी विचारलं.

“सध्या पहाटे हुडहुडी भरते,” जगदेवी म्हणाली. “पाणी रात्रभर उघड्यावर, ओल्या पोत्यांनी झाकलेल्या हौदात ठेवलं तर चांगलं गार होतं. तेवढ्यात सगळं रबर मळून घ्यायचं आणि प्रेस दिवसा चालवायचे. पाणी वाढवून लागत नाही, रूळ तापत नाहीत. मी थोडं मळून बघितलंय. एकाही बुशवर रेघ आली नाही.”

“आमच्याकडंही रेघ येते,” साहेब हळूच म्हणाले. “पुण्याचे लोक रबरालाच दोष देतायत.”

मडिवाळप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, मग जगदेवीकडे. “हे मला तू सांगितलंतीस. मीच म्हणलो, असल्या थंडीत पहाटं कोण यायलंय.”

“मी येते,” विठाबाई म्हणाली.

“गिरणी माझी हाय,” सटवाजी म्हणाला. “मी न्हाई आलो तर ही म्हातारी चालवणार का?”

“म्हातारी कुणाला म्हणतोस रे?”

“दोन पहाटांत नवा माल होईल, आप्पा,” जगदेवी म्हणाली. आता तिचा आवाज कोपीबाहेर ऐकू जात होता. “ट्रक दोन दिवस थांबवा. औरंगाबादला फोन मी करते, उशीर का झाला तेही मीच सांगते. फाटलेले बुश बदलून द्यायचं त्यांनाही नकोच असतं. ऐकतील.”

मडिवाळप्पा उठले. हात धुतले, कोरडे केले. मग कमरेच्या गोफातली किल्ली सोडवायला लागले. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. शेवटी उमाबाईंनी विळा पुढं केला.

“मालाच्या खोलीची हाय,” ते म्हणाले. “दिवाळीला मी चुकलो. आजपासून तू उघडल्याबिगर एक खोकं हलायचं न्हाई. ट्रक असू दे न्हाईतर मंत्री असू दे. इथं चारचौघांत सांगायलो.”

जगदेवीनं हात पुढं केला नाही. “आणि छाटणीतल्या बाया? वाळूजला वर्षात कायमचं पत्र देतात, आप्पा.”

“आरं देवा! एका येळवशीला सगळंच मागून घेतीस का?”

“येळवस वर्षातनं एकदाच येती,” उमाबाई म्हणाल्या.

मडिवाळप्पांनी कपाळाला हात लावला, रानभर बघितलं. ज्वारी गुडघ्याएवढीच होती, आणि कोपीतली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. “दिलं,” ते म्हणाले. “सगळ्यांला पत्र. संक्रांतीच्या आत.”

विठाबाईनं अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या रानातली माणसंही उठून बघायला लागली. व्यंकट ताटावर पळी वाजवत होता, कारखाना आपला नाही हे विसरून. जगदेवीनं किल्ली घेतली आणि मुठीत घट्ट धरली.

शिरोळे साहेब हसत उठले, पँटीचा कडबा झटकला. “म्हणजे मला माझं उत्तर मिळालं असं समजू?”

“नाही, साहेब. तोंडानं सांगते,” जगदेवी म्हणाली. “मी मन्मथ रबरमध्येच राहणार. उद्या पहाटे गिरणी सुरू होईल. तुमचा एखादा माणूस बघायला पाठवा.”