वेल्डरचं कलम

चांगला जोड कसा असावा याविषयी वेल्डरची मतं पक्की होती, आणि ऐकायला कुणी बसलेलं नसलं तरी तो ती सांगत असे. चाळीस वर्षं लोखंडाला लोखंड चिकटवण्यात गेलेली. जोडावरून बोट फिरवलं तर बोटाला पत्ता लागता कामा नये, हा त्याचा नियम. रेलिंग असो, टाकी असो की शाळेचं फाटक, कुठं गाठ दिसली की याचा ग्राइंडर फिरलाच म्हणून समजा.

थंडी सरत आलेल्या एका दुपारी, वहिनी शाळेत शिकवायला गेलेल्या असताना, त्याला मागच्या अंगणातल्या सफरचंदावर तशी गाठ दिसली आणि त्याचे हात शिवशिवले. गुडघ्याच्या जरा खाली खोड फुगलेलं. वर एक जाडी, खाली दुसरी, मध्ये बेढब फुगा. शेजारच्या नासपतीलाही तसाच. हा रोग, त्यानं ठरवून टाकलं. वर तर औषधालाही पान नव्हतं. थंडीत ते दरवर्षीच नसतं, पण हे महाशय थंडीत अंगणात कधी गेले होते? खाली बुंध्याशी मात्र दोन कोवळे फुटवे आले होते. म्हणजे खालचं ठणठणीत, वरचं गेलेलं! त्यानं करवत आणली, गाठीच्या चार बोटं खाली झाड आडवं केलं आणि नासपतीकडे वळला. तेवढ्यात वहिनी मागच्या दारात दिसल्या.

सफरचंद दादानं लावलेलं होतं. दादा म्हणजे वेल्डरचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. नर्सरीतून दोन्ही रोपं त्यानंच आणली, तीन वर्षं जपली आणि मग तो गेला. फळ धरलं ते त्याच्यामागून. गेल्या हंगामात अकरा सफरचंदं आली, तर वहिनींनी एकेक कागदात गुंडाळून ठेवलं होतं, जणू काचेची भांडी.

"जोड खराब होता, वहिनी," वेल्डर म्हणाला. करवत अजून हातातच होती.

"तिथंच कलम केलेलं असतं," वहिनी अगदी हळू म्हणाल्या. "सफरचंद त्या गाठीच्या वर होतं. खाली राहिलाय तो जंगली खुंट." मग त्यांनी नासपतीकडे पाहिलं. "आता तेवढं एक तरी कशाला ठेवता?"

त्या आत गेल्या. रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर त्यानं खाली मान घालून ऐकून घेतले असते. पण त्या दिवसापासून वहिनी ताट वाढून ठेवत आणि बोलत मात्र नसत. दोघांच्या त्या घरात आता भांड्यांचाच काय तो आवाज.

त्यानं मात्र त्याच दुपारी तोडलेली एक फांदी स्कूटरवर आडवी घेतली आणि नर्सरी गाठली. गमबूट घातलेली नर्सरीवाली सगळं ऐकून इतकी हसली की तिला कुंडीवर बसावं लागलं. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. फांदी हातात घेऊन तिनं नखानं साल खरवडली. खाली एक हिरवी रेघ दिसली, ओलसर, लखलखीत.

"हे काय?" वेल्डरनं विचारलं.

"हेच झाड. सालीखालचं एवढंच जिवंत असतं, कागदाएवढं पातळ. आतलं लाकूड म्हणजे नुसता टेकू."

वेल्डर बघतच राहिला. एवढं मोठं झाड, त्याची सावली, ती अकरा फळं, सगळं या रेघेत? त्यानं जन्मभर जाडीवर भरवसा ठेवला होता. प्लेट जितकी जाड तितकी भक्कम, हे त्याचं शास्त्र. आणि इथं जीव राहत होता तो सालीच्या आड, नखाला लागेल इतका उथळ.

"खुंट जमिनीत आहे ना? मग मेलेलं काही नाही," नर्सरीवाली म्हणाली. "नुसतं वेगळं झालंय."

"मग नासपतीवर लावून टाकू का आजच?"

"नासपती नाही घेणार त्याला. स्वतःच्या खुंटावरच लावा, पण महिन्याभरानं, खुंटात रस चढू लागला की. तोवर या फांदीच्या काड्या करून थंडाव्यात झोपलेल्या राहू द्या."

तर काड्या झोपल्या फ्रिजमध्ये. ओल्या कागदात, वर प्लॅस्टिक, आणि त्यावर वेल्डरच्या वाकड्यातिकड्या अक्षरात चिठ्ठी: 'फळांजवळ ठेवू नये, काड्यांचे डोळे मरतात.' वहिनी हे उचलून बाहेर फेकणार याची त्याला खात्री होती. दुसऱ्या दिवशी त्यानं भीत भीत फ्रिज उघडला. पुडकं जागेवर होतं. फ्रिजमधली सगळी फळं तेवढी टेबलावरच्या टोपलीत आली होती.

महिनाभर तो तोडलेल्या फांद्यांवर चाकूचा सराव करत होता. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, तीही एकेका कापात. मागाहून घासूनपुसून सारखं करायचं नाही. घासणं हेच ज्याचं आयुष्य, त्याला हे शिकायला शंभर काड्या लागल्या. आणि पाचर खुंटाच्या मधोमध बसवायची नाही. तिथं ती दिसते झकास आणि मरते. ती बसवायची कडेला, सालीला साल भिडवून, म्हणजे हिरव्या रेघेला हिरवी रेघ भेटते. त्याच्या डोळ्यांना तो जोड अगदी गचाळ वाटला. पण त्यानं खुंट मधोमध चिरला, दोन कडांना दोन काड्या बसवल्या, पट्टीनं आवळलं आणि मेण फासलं. ना आग, ना ठिणगी.

"ओढून बघायचं नाही हं," नर्सरीवालीनं बजावलं होतं. "ओढून बघणाऱ्यांची कलमं मरतात." वेल्डर तर प्रत्येक जोड हातोडीनं ठोकून तपासणारा माणूस. त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि रोज सकाळी चष्मा लावून खुंटापुढच्या ओल्या मातीत गुडघे टेकायला सुरुवात केली. पहिला आठवडा काही नाही. दुसरा आठवडा काही नाही. एक काडी सुकून काळी पडली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

बाविसाव्या दिवशी दुसऱ्या काडीच्या डोळ्याला मुंगीएवढं हिरवं टोक दिसलं. त्यानं चष्मा पुसला. टोक तिथंच होतं. दोन महिन्यांपूर्वी ही काडी अंगणात तुटून पडली होती, नंतर दुधाच्या पिशवीशेजारी झोपली होती, आणि आता ती दुसऱ्याच्या मुळांतून पाणी ओढत होती! कुणी शिकवलं तिला? आत, त्या पट्टीखाली, कोण कुणाला शोधत गेलं असेल? चाळीस वर्षं तो म्हणत आला होता, मी जोडतो. इथं त्यानं नुसतं जवळ ठेवलं होतं. बाकी सगळं त्यांचं त्यांनी केलं होतं.

पानं उलगडली. आणि त्यांच्यामध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक झुबका आला. पाच फुलं, कडेला गुलाबी. वेल्डरनं धावत जाऊन नर्सरीवालीला फोन लावला.

"खुडून टाका," ती म्हणाली. "जोड अजून कच्चा आहे. काडीनं फळाच्या मागे ताकद घालवली तर दोन्ही जातील."

तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. हात पुढे नेला, मागे घेतला. पुन्हा नेला. अख्खं झाड आडवं करताना न थबकलेला हात पाच फुलांपुढे थबकत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"खुडायचीत ना?" मागून वहिनींचा आवाज आला.

तो दचकला. "माझ्याच्यानं होत नाही, वहिनी."

वहिनी पदर खोचून त्याच्या शेजारी मातीत बसल्या. मग म्हणाल्या, "रोप आणलं त्या वर्षीही असाच झुबका आला होता. नर्सरीवालीनं हेच सांगितलं. तुमच्या दादांना काही खुडवेना. तीन दिवस असेच बसून होते, अगदी असेच. शेवटी मी खुडला."

"दादा काय म्हणाला?"

"म्हणाले, तू खुडलास, आता झाड तुझं."

वेल्डरला पुढचं नीट दिसेना. त्यानं चष्मा काढला, पण दोष चष्म्याचा नव्हता.

वहिनींनी डाव्या हातानं काडीला अलगद आधार दिला आणि एकेक करून पाचही फुलं खुडली. पानांना धक्काही लागला नाही. मग त्यांनी खुंटाभोवतीची माती सारखी केली, हात झटकले आणि उठता उठता म्हणाल्या, "भावजी, पाणी उद्यापासून तुम्ही घालत जा. मला सकाळी शाळेची घाई असते."