दोन रंगांची पत्रिका

त्र्याहत्तरच्या फाल्गुनात, दुष्काळात, बेलापूरची हवा इतकी कोरडी झाली होती, की आमच्या छापखान्यातले कागद एकमेकांना चिकटून बसत. एक उचलला की दुसरा मागोमाग येई.

"घासून घासून कागदात वीज भरते," मी म्हणाले. नगरहून बी.एस्सी. करून आले होते.

"मग दिवा कशाला लावायचा?" दादा म्हणाले.

दादा म्हणजे माझे वडील. छापखान्याचे मालक तेच आणि पायाने ट्रेडलचं मशीन चालवणारेही तेच. त्या दिवशी केशरबाईंच्या लेकीच्या लग्नपत्रिका होत्या, आधी लाल रंग, तो वाळला की पिवळा. सकाळी लाल झाला. मग मी सांगितलं, हवेत ओल असली तर कागद चिकटत नाहीत. दादांनी लगेच भांड्यातल्या पाण्यात गोणपाटं बुडवून खिडक्यांना टांगली.

"मानसांना प्यायला न्हाई, अन् तुमचे कागद पानी पित्यात व्हय!" आई ओरडली.

कागद खरंच प्यायले. त्यातले तंतू ओल मिळताच फुगतात आणि कागद किंचित वाढतो. संध्याकाळी पिवळा छापला, तर तो पत्रिकेवरच्या गणपतीच्या लाल रेषेबाहेर डोकावू लागला.

"बाप्पा मुकुट सावरतोय," दादा म्हणाले.

"आधी कागद ओल्या हवेत मुरायला हवा होता. मग दोन्ही रंग त्याच हवेत."

"लोणच्यासारखा! मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही थांबलात कुठं?"

ते खूप हसले. "उद्या नव्या कागदावर काढू. आणि गुरुवारी तुझी नगरला शाळेत मुलाखत. शाईचे हात घेऊन जाऊ नकोस."

मला जायचं नव्हतं. मला हा छापखाना हवा होता. पण मी मास्तरीण होणार म्हणून ते इतके खूश होते, की म्हटलं, उद्या सांगू.

त्याच रात्री, पहाटे, दादा झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावर केशरबाई आल्या. दादांचे भाऊ, गहिनीनाथकाका, ओसरीवर बसले होते.

"माझा कागद न्हेते, बाई," त्या मला म्हणाल्या. "श्रीरामपुरात छापून घेईन."

"न्या," काका म्हणाले. "मशीन इकायचंच हाय. मुक्ताला शाळावाले परत बोलावत्यात."

केशरबाईंनी बिघडलेली एक पत्रिका उचलून डोळ्यांजवळ धरली. "ह्यो बाप्पा तर लगीनघाईत निघालेला दिसतोय!" आई हसली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"केशरकाकू, कागद राहू द्या," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "काका, मशीन विकायचं नाही. मला शाळेत शिकवायचं नाही. दादांना सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला सांगते. मला हा छापखाना चालवायचाय."