बुडालेल्यांना माझ्यावर घालू नका

मी एक जुनं कुंभाराचं चाक आहे. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात, हरिबा कुंभारांच्या अंगणात माझा मुक्काम आहे. मित्रांनो, चाकाजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. नुसतं गरगर फिरायचं, दुसरं काय! पण जे पाहिलं ते पोटात ठेवून गप्प बसणं आता मला जमत नाही.

शिराळ्याच्या एका सुताराने मला घडवलं. बाभळीचे आरे, आणि भोवती माती, काथ्या व शेळीचे केस मळून लिंपलेला जड घेर. हरिबांच्या वडिलांनी मला बैलगाडीतून आणलं आणि अंगणातल्या खुंट्यावर बसवलं. दांड्याने एकदा वेग दिला की माठ, पणत्या, संक्रांतीची सुगडं माझ्यावरून भराभर उतरत. ओल्या मातीचा तो गार स्पर्श मला फार आवडायचा. लग्नाची मडकी न्यायला बायका वाजतगाजत येत आणि जाताना मलाही हळदीकुंकू लावत. तेव्हा मी जरा फुशारून जात असे, खोटं कशाला बोलू?

मग बिराप्पाची गोष्ट घडली. हा मेंढपाळ मेंढ्या धुताना डोहात गेला. लोकांनी त्याला बाहेर काढलं आणि माझ्यावर पालथं घालून फिरवलं. कुंभाराच्या चाकावर फिरवलं की पोटातलं पाणी निघतं आणि बुडालेला माणूस जिवंत होतो, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. बिराप्पा ओकला, खोकला आणि उठून बसला. गावाला आनंदीआनंद झाला. पण माझ्यावर घातला तेव्हाच त्याचा श्वास चालू होता. तो मला आऱ्यांपर्यंत जाणवत होता. चाकाचं कोण ऐकणार? "चाकानं जीव दिला रं मला," असं म्हणत बिराप्पा दर दिवाळीला नारळ घेऊन येऊ लागला आणि माझं नाव पंचक्रोशीत झालं.

पुढे प्लास्टिक आलं, फ्रिज आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. हरिबांचा मुलगा ट्रकवर गेला, सून राजेश्वरी कुपवाडच्या कारखान्यात जाऊ लागली. मातीसाठी मला कोणी विचारेना. बुडालेल्या माणसासाठी मात्र मी सगळ्यांच्या लक्षात होतो.

गेल्या उन्हाळ्यात वीरधवलला आणलं. फौजेतल्या उदयसिंहांचा हा मुलगा, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला. नदीच्या वळणावर तो बुडाला. सोबत्यांनी त्याला लगेच बाहेर ओढलं, पण काठावर कोणी त्याची छाती दाबली नाही की तोंडाने श्वास दिला नाही. त्याला खांद्यावर टाकून सगळे उसाच्या बांधावरून माझ्याकडे धावत सुटले. हरिबांनी दांडा लावला. वीरधवलच्या तोंडातून पाणी आलं.

"निघालं, निघालं! आनी फिरवा तात्या!" लोक ओरडत होते.

मला मात्र त्याच्या छातीत काहीच हलताना जाणवत नव्हतं. मी फिरत होतो आणि तो माझ्यावर थंड पडत होता. थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. ते चाकाच्या हातात नसतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हरिबांना समजावलं, की निघालं ते पोटातलं पाणी होतं. मुलाचा श्वास थांबला होता, तो काठावरच द्यायला हवा होता. गावाने मात्र स्वतःचाच अर्थ लावला. "चाकापतूर आनायला उशीर झाला," असं जो तो म्हणू लागला. हरिबांनी त्या दिवसापासून माझ्याकडे बघणंच सोडलं. राजेश्वरी कारखान्याच्या प्रथमोपचार शिबिरात रबरी बाहुलीवर छाती दाबायला शिकली होती. त्या दिवशी ती कामावर होती. घरी आल्यावर ती माझ्याशेजारीच बसून खूप रडली.

आणि यंदा पावसाळ्यात चौथीतली नूरीन घाटाच्या शेवाळावरून घसरली. घाट आमच्या अंगणाला लागूनच आहे. तिचे वडील चांदसाहेब पत्र्याच्या पेट्या बनवतात. त्यांनीच उडी घेऊन तिला वर काढलं आणि उचलून थेट माझ्याकडे आणलं. मागे सगळी गल्ली होती. पोरीचे ओठ निळे पडले होते.

हरिबा ओट्यावरून उठले. आता पुन्हा दांडा लागणार, म्हणून मी धास्तावलो. पण ते आले आणि माझ्यावर मांडी घालून बसले! ज्या चाकाला त्यांनी जन्मात कधी पाय लागू दिला नव्हता, त्यावर ते बसले.

"आवं तात्या, उठा! तुमच्या पाया पडतो, चाक फिरवा," म्हणत चांदसाहेब खरंच वाकले.

"न्हाई फिरवायचं. भुईवर उतानी ठेव तिला. राजेश्वरी, ये बाई लवकर!"

"म्हातारा खुळावलाय. वढा त्याला खाली!" गर्दीतून कोणी ओरडलं.

दोघांनी हरिबांचे दंड धरले. त्यांनी माझा घेर घट्ट पकडला. "उदयसिंगाचं पोरगं मीच फिरवलं हुतं. गेलं ते! हिला न्हाई जाऊ देनार."

तेवढ्यात राजेश्वरी आली. त्या दिवशी तिची सुट्टी होती. "एकशे आठला फोन लावा कुनीतरी," असं म्हणत तिने गुडघे टेकले, पोरीची मान मागे केली, नाक धरलं आणि तोंडाने श्वास दिला. मग छाती दाबली. पुन्हा श्वास, पुन्हा छाती. चांदसाहेबांकडे बघवत नव्हतं. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. शेवटी नूरीनला ठसका बसला आणि ती रडली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. "बरी झाली, आता घरी न्या," असं बायका म्हणू लागल्या, पण राजेश्वरीने ऐकलं नाही. छातीत पाणी गेलेलं असतं, म्हणून तिने तिला ॲम्ब्युलन्समधून दवाखान्यातच पाठवलं.

नूरीन बरी होऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी चांदसाहेब मोठा हार घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला.

"चांदसाहेब, चाक फिरलंच न्हाई रं," हरिबा कळवळून म्हणाले. "तुज्या डोळ्यांदेखत मी वर बसलो हुतो."

"व्हय तात्या. पर तुमास्नी तसं बसवलं कुनी? चाकानंच की!"

राजेश्वरी दारातच उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

मित्रांनो, त्या हारापेक्षा धूळ बरी होती. परवा पलीकडच्या गावचे दोघे मोटारसायकलवरून आले, मला हात जोडले आणि इथवरची वाट नीट पाहून गेले. वेळ आली तर चुकायला नको, म्हणाले. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

तुम्ही तरी माझं ऐका. बुडालेल्याला उलटं करू नका, फिरवू नका, पोट दाबू नका. ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि श्वास थांबला असेल तर काठावर आहात तिथेच उताणं ठेवून श्वास द्या, छाती दाबा. येत नसेल तर आजच शिकून घ्या. माझ्यावर माती घाला, मी अजूनही छान माठ देईन. पण कोणाचं लेकरू उचलून माझ्याकडे धावू नका. त्याचा उरलेला जीव वाटेतच संपेल, आणि मला ते थंड अंग पुन्हा फिरवावं लागेल.