म्बामकाठची शीळ

वाळवंटी वाऱ्याच्या धुळीने सूर्य तांबूस झालेला. ताम्रवर्णी पठार, ताम्रवर्णी गवत, आणि मधून संथ, श्यामल, विस्तीर्ण म्बाम नदी. कॅमेरूनच्या तिकार मुलुखात कोरडा ऋतू असा उतरतो आणि चांगला मुक्काम ठोकतो.

काठावर ट्रकमधून गाह उतरला. तोच तो दणदणीत गळ्याचा गाह. पैलतीरावरच्या बायकोला हाक मारली की बगळे उडायचे. राजधानीच्या इस्पितळात दुखण्याने त्याचा आवाज नेला, श्वास तेवढा मागे ठेवला. बायकोला, येंबेलीला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पैलतीरी, कसाव्याच्या हिरव्या रांगांत ती वाकलेली. जवळच होडी बांधलेली. हाक आली की तिने होडी सोडायची, हा दोघांचा जन्माचा शिरस्ता. गाहला भीती वाटत होती. ज्या गळ्याने आयुष्यभर तिचं नाव घेतलं तो गळाच गेला. आता ती आपल्याला आपलं म्हणेल का?

“काका, मी मारतो हाक,” ट्रकवाला म्हणाला आणि “मादाम! मादाम!” असा फ्रेंचमध्ये जीव खाऊन ओरडला. तिने मानही वर केली नाही. परक्या हाकेला ओ कोण देणार?

आफ्रिकेतल्या भाषांची घराणी मांडणाऱ्या पंडितांनी इथल्या तिकार भाषेला बांटू घराण्याच्या उंबरठ्यावर बसवून ठेवलं आहे. आत घ्यावं की नाही, अजून ठरत नाही. सख्खी बहीणही सापडत नाही बिचारीला. घाला म्हणावं वाद! तिकारमध्ये शब्दाला अक्षरांइतकाच सूर लागतो, चढ लागतो, उतार लागतो. आणि सुराला गळाच हवा असं कुठे आहे?

गाहने ओठ ओलावले. शिकारीत, सावज बिथरू नये म्हणून, तो असंच बोलत आला होता. शीळ उठली. खोल, मग उंच, मग हळूच उतरती. अक्षरहीन, स्वरमय, संपूर्ण येंबेली.

ती ताठ उभी राहिली. कपाळावर हात धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. गाहने पुन्हा ओठ ओलावले.

आणि पैलतीरावरून, जन्मात कधी शीळ न घातलेल्या ओठांतून, एक कापरा, आखूड, उंच सूर आला. त्याचं नाव.

होडी काठाला लागली. त्याने गळ्याकडे बोट नेलं.

“ओरडला नाहीस, तेव्हाच कळलं मला,” डोळे पुसत ती म्हणाली. “बस आता. जेवण निवतंय.”

श्यामल पाण्यात वल्हं पडत राहिलं. त्या तालावर तो तिचं नाव घेत राहिला, खोल, उंच, उतरतं. पैलतीर येईपर्यंत, आणि पैलतीर आल्यावरही.