अमात्याच्या महालाचा द्वारपाल

दुर्गेश जाऊन दीड महिना झाला होता, तेव्हा त्याच्या आई ताराबाई कन्हानहून बसनं नागपूरच्या सीताबर्डीला आल्या आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या लहानशा ऑफिसात वेदिकासमोर उभ्या राहिल्या.

"तुमच्या खेळात त्याचा आवाज हाय म्हणतेत. ऐकव ना वं मले."

वेदिकानं त्यांच्यासाठी खुर्ची पुढं केली. गेम वाकाटकांच्या काळातला. त्यातला अमात्याचा महाल तिनंच मनानं रचला होता: सागवानी खांब, कमळांचं तळं, हत्ती जाईल एवढा दरवाजा. दुर्गेश तिच्या शेजारी बसून गेम तपासायचा. हौसेनं त्यानं महालाच्या द्वारपालाला आवाज दिला होता. पुढच्याच आठवड्यात कामठी रोडवर ट्रकनं त्याला उडवलं. पाऊण तास तो तिथंच पडून होता.

तिनं ताराबाईंच्या कानांना हेडफोन लावले. पडद्यावर द्वारपाल हसून म्हणाला, "या पाहुणे, पाय धुवा. धनी आत आहेत."

"अजून एकडाव."

वेदिकानं चारदा लावलं. "एवढंच आहे, काकू."

"खोटं नको बोलू. महाल जळते ना पुढं? त्यानंच सांगतलं होतं. लाव."

"नको, काकू."

"पोरी, रस्त्यावर तो कोणाले हाका मारून राहिला होता, मले कोणीच सांगतलं नाही. लाव तू."

वेदिकानं लावलं. खांब कोसळले, पेटता दरवाजा द्वारपालाच्या अंगावर आला. लिहून दिलेला शब्द फक्त 'वाचवा' असा होता. रेकॉर्डिंगच्या वेळी दुर्गेश आपल्याच मनानं ओरडला होता आणि सगळ्यांनी हसून तेच ठेवलं होतं. वेदिकाला हे आठवेपर्यंत द्वारपाल ओरडलाही होता.

"माय वं! लवकर ये वं, माय!"

ताराबाई पडद्याकडे पाहतच म्हणाल्या, "आली असती ना गा. कोणी फोन केला असता, त पायी आली असती."

वेदिकानं त्यांना बसमध्ये बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिचे साहेब धम्मानंद म्हणाले, "ती हाक ठेवायची की काढायची, त्यांनाच विचार." तिनं फोन केला.

"राहू दे," ताराबाई म्हणाल्या. "पण लोक खेळतीन, त त्याले रोज जाळतीन ना वं?"

"हो, काकू."

"मंग काढ."

तिनं त्या हाकेची फाईल काढून टाकली. त्यानंतर जळता महाल तपासायची पाळी आली, की ती खुर्चीवरून उठायची आणि दुसऱ्या कुणाला तरी तिथं बसवायची.